गाडी किती ‘ॲव्हरेज’ देते ?

मराठी माणूस नवी मोटार पाहावयास गेला म्हणजे रंग, आसनें, दिवे यांची चौकशी आटोपल्यावर एक प्रश्न हटकून विचारतो : "गाडी ॲव्हरेज किती देते ?" या प्रश्नांतील ‘ॲव्हरेज’ हा शब्द इंग्रजींतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘सरासरी’ एवढाच आहे, कशाची सरासरी, हें त्यांत सांगितलेलें नाहीं. परंतु एक लिटर पेट्रोलांत गाडी किती किलोमीटर जाते, एवढा सगळा अर्थ आपण त्या एका शब्दांत कोंबला आहे. त्याहून विचार करण्याजोगें आहे तें पुढील क्रियापद. गाय दूध देते, झाड फळ देतें, विहीर पाणी देते, त्याच चालीवर गाडी ॲव्हरेज ‘देते’. जणूं काय तो त्या यंत्राचा अंगभूत गुण असून मालकानें केवळ चरवी घेऊन खालीं बसावयाचें आहे !

गाईच्या बाबतींत देखील ही समजूत खरी नाहीं, हें कोणताहि गवळी सांगेल. दूध जसें जातीवर, तसेंच चाऱ्यावर, गोठ्यावर आणि धार काढणाराच्या हातावर अवलंबून असतें. मोटारीचेंहि तसेंच आहे. आपल्या प्रांतांतील मोटारींचा गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला, तर इंधनाच्या काटकसरीचा प्रश्न कधीं युद्धानें, कधीं परदेशच्या तेलबाजारानें, कधीं कारखानदारानें, तर कधीं रस्त्यानें घडविला किंवा बिघडविला आहे, असें दिसून येईल. चालकाचा हात त्यांत नेहमींच होता. परंतु तो एकटा कधींच नव्हता. हा इतिहास थोडक्यांत पाहून मग मोरिवलीसारख्या गांवांतील दारापुढच्या लहान गाडीकडे वळावें, असा या लेखाचा हेतु आहे.

पेट्रोल थेंबाथेंबानें मोजून वापरण्याचा पहिला धडा आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानें दिला. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें. पुढच्याच वर्षीं, १९४२ च्या एप्रिलांत, ब्रह्मदेशांतील येनानजाउंग येथील तेलविहिरी जपान्यांच्या हातीं पडूं नयेत म्हणून इंग्रज सैन्यानें स्वतःच उद्ध्वस्त केल्या आणि हिंदुस्थानच्या शेजारचा मोठा झरा आटला. घरचें म्हणावें असें मुख्यतः आसामांतील दिग्बोईचें तेल उरलें. अशा वेळीं कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर दिसूं लागल्या. गाडीच्या मागें किंवा बाजूस पत्र्याची उंच शेगडी बसवीत. तींत लोणारी कोळसा पेटवून त्यामधून मोजकी हवा नेली म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा जळणारा वायु तयार होई व तो गाळून इंजिनांत सोडीत. या मिश्रणांत न जळणाऱ्या नायट्रोजनाचाच भरणा मोठा असल्यामुळें इंजिनाची शक्ति पेट्रोलाच्या मानानें तिसऱ्या हिश्शानें, कधीं त्याहूनहि अधिक, घटे. सकाळीं निघण्यापूर्वीं शेगडी फुंकीत बसावयाचें, गाळण्या झाडावयाच्या, चढ आला कीं उतारूंनीं खालीं उतरून गाडीस हात लावावयाचा, या गोष्टी त्या पिढीच्या आठवणींत दीर्घकाळ राहिल्या. हा प्रकार आपल्याकडेच होता असेंहि नव्हे; युद्धाच्या अखेरीस एकट्या जर्मनींत सुमारें ५ लक्ष वाहनें लांकूड-कोळशाच्या वायूवर धांवत होतीं.

त्याच काळीं कल्याणजवळ लष्कराची विस्तीर्ण छावणी पसरली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्याच बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव पडलें. आज कल्याणपासून बदलापुरापर्यंत मोटारींची जी दाटी दिसते, तिचें बीज त्या वस्तींत व अंबरनाथच्या कारखान्यांत आहे. परंतु युद्धकाळांतील त्या काटकसरीसंबंधीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास पाहिजे. रेशनिंगमुळें गाडी एका गॅलनांत अधिक मैल गेली नाहीं. ती मुळांतच कमी मैल गेली. काटकसरीचे हे दोन निराळे प्रकार आहेत व त्यांची गल्लत झाल्यामुळें पुढें बरेच गैरसमज झाले.

स्वदेशी मोटारीची कल्पना त्या युद्धाच्याहि आधींची. सर विश्वेश्वरय्या यांनीं मुंबई इलाख्यांत मोटारींचा कारखाना काढण्याची योजना युद्धापूर्वींच मांडली होती. परंतु ब्रिटिश सरकारच्या अनास्थेमुळें ती त्या वेळीं फळास आली नाहीं. तो धागा उचलला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि कुर्ले येथें तिचा कारखाना उभा राहिला. आरंभीं तेथें डॉज, प्लिमथ असल्या अगडबंब अमेरिकन गाड्यांचे भाग आणून जोडीत असत. ज्या देशांत तेल जमिनींतून उसळून येत होतें, त्या देशाच्या मानानें त्यांची भूक होती. आपल्या संसारास ती झेपण्यासारखी नव्हती. म्हणून कंपनीनें इटलींतील फियाटशीं संबंध जोडला आणि १९५४ च्या सुमारास ‘फियाट अकराशें’ ही गाडी येथें बनूं लागली. वालचंद त्या आधींच, १९५३ च्या एप्रिलांत, निवर्तले होते.

हीच गाडी कालांतरानें ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचें, शक्ति सुमारें ४० अश्वांची आणि वजन ९०० किलोग्रॅमांच्या आंत-बाहेर. इंजिनास पेट्रोल पोंचविण्याचें काम कार्ब्युरेटरकडे असे. हवा व पेट्रोल यांचें प्रमाण त्यांतील बारीकशा स्क्रूनें ठरे. त्यामुळें त्या काळीं गाडीचें ॲव्हरेज बरेंचसें मिस्त्रीच्या कानावर व बोटांवर अवलंबून असे. मिश्रण पातळ केलें तर पेट्रोल वांचे, पण गाडी चढावर धापा टाकी. दाट केलें तर गाडी उड्या मारी, पण टाकी रिकामी होई. उतार लागला कीं इंजिन बंद करून गाडी तशीच सोडून देण्याची घातक खोडहि याच काळांतली. प्रीमियर कंपनीनें पुढें मोरिवलीपासून फारशा दूर नसलेल्या डोंबिवलीजवळहि कारखाना घातला. १९९० नंतरच्या दशकांत तेथें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची ‘३०९’ ही गाडी बनत असे. तिच्या डीझेल नमुन्याची काटकसरीबद्दल ख्याति होती, परंतु ती भागीदारी अल्पायुषी ठरली.

दुसरा धडा १९७३ चा. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध भडकलें आणि तेलाच्या राष्ट्रांनीं आपलें तेल हेंच शस्त्र केलें. जें खनिज तेल पिंपास सुमारें ३ डॉलर या भावानें मिळत होतें, तें १९७४ च्या जानेवारींत जवळ जवळ १२ डॉलरांवर गेलें. अमेरिकेसारख्या उधळ्या देशानेंहि त्याच महिन्यांत ताशीं ५५ मैलांहून अधिक वेगानें मोटार हांकण्यास कायद्यानें बंदी केली. दैवयोग असा कीं, ‘सागर सम्राट’ या जहाजास मुंबईपासून दूर अरबी समुद्रांत तेलाचा ठाव लागला तोहि १९७४ च्या फेब्रुवारींतच. १९७६ च्या मे महिन्यांत ‘बॉम्बे हाय’चें तेल निघूं लागलें. परंतु घरीं विहीर लागली म्हणून पाणी उधळावें, असें शहाणा माणूस म्हणत नाहीं. १९७८ सालीं केंद्र सरकारनें तेलाच्या बचतीचा प्रचार व संशोधन करण्यासाठीं पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापिली. ताशीं ४५ ते ५५ किलोमीटर हा वेग इंधनाच्या दृष्टीनें उत्तम, चाकांत हवा पुरेशी असावी, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवूं नये, हे तिचे उपदेश पेट्रोलपंपांवरील फलकांवरून आपल्या घरोघर पोंचले आहेत.

तिसरें वळण १९८३ च्या डिसेंबरचें. मारुतीची ‘८००’ त्या महिन्यांत गुडगांवच्या कारखान्यांतून बाहेर पडली. या गाडीनें मध्यमवर्गाचे दिवस कसे पालटले, याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. येथें तिच्या वजनाचाच तेवढा विचार करूं. तिचें इंजिन ७९६ घन सेंटिमीटरांचें व तीन सिलिंडरांचें; पण त्याची शक्ति पद्मिनीच्या इंजिनाहून विशेष कमी नव्हती. गाडीचें वजन मात्र साडेसहाशें किलोग्रॅमांच्या आंत. तेवढेच बैल, पण गाडा चतुर्थांशाहून अधिक हलका ! काटकसरीचें रहस्य कांहीं जादूच्या इंजिनांत नसून लोखंड कमी वाहण्यांत आहे, हें या गाडीनें घरोघर सिद्ध केलें. पुढें पुण्याच्या टाटांनीं २००८ च्या जानेवारींत ‘नॅनो’ दाखविली, तींत हाच विचार शेवटच्या टोंकास नेला होता. तिचें इंजिन ६२४ घन सेंटिमीटरांचें, केवळ दोन सिलिंडरांचें. आणि तिच्या नांवापुढें आंकडा छापला जाई तो लिटरला २३.६ किलोमीटर.

हा आंकडा येतो कोठून ? येथें कथानक पुण्यास जातें. १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेली ‘एआरएआय’, ही संस्था कोथरुडच्या बाजूस वेताळ टेंकडीवर आहे. तेथें गाडी रस्त्यावर न नेतां लोखंडी रुळांवर उभी करतात. चाकें फिरतात, पण गाडी जागच्या जागीं राहते. कोणत्या सेकंदास किती वेग, हें आधींच आंखून दिलेलें असतें व चालकानें ती रेघ गिरवावयाची असते. जळलेलें पेट्रोलहि मापानें मोजीत नाहींत. धुरांत कार्बन किती गेला यावरून त्याचा हिशेब काढतात. आरंभीं ही रेघ १०८ सेकंदांची असे. तींतील सर्वांत मोठा वेग ताशीं ४२ किलोमीटर व सरासरी सुमारें २२. पुढें युरोपच्या धर्तीवर धुराचे निर्बंध आले तेव्हां तिची जागा नव्या रेघेनें घेतली. ती सुमारें वीस मिनिटांची असून शेवटीं ताशीं ९० किलोमीटरांपर्यंत चढते. या नव्या रेघेचें नांव ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’; आद्याक्षरें जोडलीं तर ‘एमआयडीसी’ !

मोरिवलींत हीं अक्षरें उच्चारलीं तर ऐकणारास निराळाच अर्थ कळेल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि त्याच्या वसाहतींनीं अंबरनाथ-मोरिवलीच्या शेताडींत कारखाने आणले. येथील माणसाची ‘एमआयडीसी’ म्हणजे पाळी सुटतांना फाटकाबाहेर पडणारी माणसें, मालमोटारींच्या रांगा, रिक्षा, खड्डे आणि पावसाळ्यांत गुडघाभर पाणी. वेताळ टेंकडीवरील ‘एमआयडीसी’ म्हणजे एका बंद खोलींत कागदावर आंखलेली, खड्डा नसलेली, वातानुकूलन बंद ठेवलेली शांत रेघ. अक्षरें तींच, पण गाडी जन्म घेते एकींत आणि आयुष्य काढते दुसरींत. छापील आंकडा व प्रत्यक्ष अनुभव यांमधील सारें अंतर या दोन ‘एमआयडीसीं’मधील अंतर आहे. यांत पुण्याच्या संस्थेची लबाडी आहे असें समजण्याचें कारण नाहीं. निरनिराळ्या गाड्यांची परस्पर तुलना करावयाची तर सर्वांना एकच रेघ लागते. परंतु तुलनेसाठीं केलेलें माप हें वचन म्हणून विकलें गेलें कीं गिऱ्हाइकाची फसगत होते. युरोपांतहि तेंच झालें : प्रयोगशाळेचा आंकडा व रस्त्याचा अनुभव यांतील तफावत २००१ सालीं सुमारें ९ टक्के होती, ती २०१५ च्या सुमारास ४० टक्क्यांच्या घरांत गेली.

ही तफावत पडते कशी, हें थोड्या गणितानें पाहूं. माणसांसकट ९०० किलोग्रॅम भरणारी गाडी ताशीं ३० किलोमीटर वेगानें चालली आहे असें समजा. तिच्या अंगीं सुमारें ३१ हजार ज्यूल गतिज शक्ति असते. ब्रेक दाबला कीं ती सारी उष्णता होऊन वाऱ्यावर जाते व पुन्हां तोच वेग घ्यावयाचा तर ती पेट्रोलांतून नव्यानें काढावी लागते. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ३ कोटि २० लक्ष ज्यूल असतात. त्यांपैकीं चाकांपर्यंत पोंचतो तो फार तर पांचवा हिस्सा. भागाकार केला तर प्रत्येक थांब्यास सुमारें ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचाभर, पेट्रोल जातें असें दिसेल. वेग ताशीं ५० असेल तर हाच खर्च जवळ जवळ तीन चमचे होतो. कारण शक्ति वेगाच्या वर्गानें वाढते.

आतां सुरळीत रस्त्यावर लिटरला २० किलोमीटर जाणारी एक गाडी घेऊं व ती अंबरनाथ-कल्याण रस्त्यावर दहा किलोमीटर नेऊं. सुरळीत चाललें तर तिला अर्धा लिटर पुरे. वाटेंत तिला पंचवीस वेळां थांबावें लागलें, तर पंचवीस चमचे, म्हणजे १२५ मिलिलिटर, अधिक. उभी असतांना लहान गाडीचें इंजिन मिनिटास सुमारें १० मिलिलिटर पेट्रोल पितें. दहा मिनिटें खोळंबा झाला तर आणखी १००. एकूण ७२५ मिलिलिटर. म्हणजे वीसाची गाडी चवदावरहि आली नाहीं ! चालक तोच, गाडी तीच, पेट्रोल तेंच. ‘थेंबें थेंबें तळें सांचे’ ही म्हण आपण सांचविण्याच्या बाजूनें शिकलों. तळें आटतें तेंहि थेंबाथेंबानेंच. आणि नाचतां न येणाऱ्यास आपण अंगण वाकडें असल्याचा बहाणा करूं देत नाहीं. परंतु या ठिकाणीं अंगण खरोखरीच वाकडें आहे.

म्हणून चालकाच्या हातीं कांहींच नाहीं, असें मात्र नव्हे. वरील गणितांतील थांबे कमी करणें पुष्कळ अंशीं त्याच्याच हातीं असतें. पुढचा दिवा तांबडा दिसतांच लांबूनच पाय उचलावा. गाडी आपोआप मंदावते व कित्येकदां उभें राहण्यापूर्वींच वाट मोकळी होते. आजकालच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाहीं. गाडी गिअरमध्यें असतां पाय उचलला कीं पेट्रोलाचा पुरवठा यंत्र स्वतःच तोडतें. म्हणून उतारावर इंजिन बंद करणें वा न्यूट्रल टाकणें हें पूर्वीं धोक्याचें होतें, तें आतां धोक्याचेंहि आहे आणि तोट्याचेंहि. वरचा गिअर वेळेवर टाकावा. पंधरवड्यांतून एकदां चाकांतील हवा तपासावी. मागच्या डिकींत वर्षानुवर्षें पडलेलें सामान उतरवावें. मोकळ्या हमरस्त्यावर वेग आवरावा, कारण वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा विरोध चौपट होतो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतची खेप थंड इंजिनास सर्वांत महाग पडते; ती पायीं करावी. आणि ॲव्हरेज मोजावयाचें तर डोळ्यांपुढील कांट्यावर विश्वासण्यापेक्षां टाकी कांठोकांठ भरून, पुन्हां तशीच भरेपर्यंत किती किलोमीटर झाले व किती लिटर लागलें, हा जुना वाण्याचा हिशेब करावा. तोहि एका खेपेचा नव्हे, चार-सहा खेपांचा.

हिशेब करतांना आणखी एक गोष्ट जमेस धरली पाहिजे. मळीपासून केलेला मद्यार्क पेट्रोलांत मिसळावा हा विचार आपल्याकडे जुना; त्यासाठीं १९४८ सालींच पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. २०२५ सालीं हें मिश्रण २० टक्क्यांवर पोंचलें. उंसाच्या महाराष्ट्रास ही गोष्ट लाभाची आहे व परदेशीं जाणारा पैसाहि तिनें वांचतो. परंतु मद्यार्कांत पेट्रोलाच्या सुमारें दोन-तृतीयांशच उष्णता असते. तेव्हां त्याच गाडीचा आंकडा कांहींसा उतरला, तर दोष ना मिस्त्रीचा, ना चालकाचा. तो व्यवहार आहे. फक्त तो गिऱ्हाइकास उघड सांगावयास हवा.

येवढें सारें करून देशाचें तेल वांचतें काय ? येथें अर्थशास्त्राचा एक जुना सिद्धांत आडवा येतो. १८६५ सालीं विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज पंडितानें दगडी कोळशावर ग्रंथ लिहून दाखविलें कीं, वाफेचीं यंत्रें जसजशीं काटकसरी झालीं तसतसा इंग्लंडांत कोळसा कमी न लागतां अधिकच लागूं लागला. कारण स्वस्त झालेली शक्ति लोकांनीं अधिक वापरली. आपल्या मोटारींचेंहि तेंच झालें. पद्मिनीसाठीं वर्षानुवर्षें नंबर लावून बसणारें कुटुंब एका गाडींत मावत होतें. आज काटकसरी गाड्या दारोदार उभ्या आहेत आणि देशाच्या खनिज तेलापैकीं ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतें. सरकारनें २०१७-१८ पासून प्रत्येक कारखानदाराच्या गाड्यांच्या सरासरी धुरावर मर्यादा घातली — प्रथम किलोमीटरला १३० ग्रॅम कर्बवायु, २०२२-२३ पासून ११३. हें योग्यच झालें. परंतु ही मर्यादा एका गाडीच्या एका किलोमीटरावर आहे; गाड्या किती व त्यांनीं किती चालावें, यावर नाहीं. १९४१ च्या रेशनिंगनें जो दुसरा प्रकार शिकविला होता, तो आपण विसरलों.

तो पुन्हां शिकावयाचा तर रेशनिंगची पत्रकें नकोत. मोरिवलीच्या माणसास त्याचें साधन आयतेंच मिळालेलें आहे. १८५४ सालीं आगगाडी कल्याणास पोंचली आणि पुढें दोन वर्षांत अंबरनाथ-बदलापुरावरून घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली. तेव्हांपासून या पट्ट्यांतील माणसाचा खरा काटकसरीचा वाहनमार्ग तोच आहे. स्थानकापर्यंत चालतां येईल अशी पायवाट, वेळेवर येणारी बस, खड्डे नसलेला रस्ता आणि कारखान्यांच्या पाळ्या एकाच घटकेस न सुटतील अशी व्यवस्था, एवढ्या चार गोष्टींनीं जेवढें पेट्रोल वांचेल तेवढें कोणत्याहि नव्या इंजिनानें वांचणार नाहीं. आणि ज्यास मोटार काढावीच लागते, त्या रोग्यास, वृद्धास, कारागिरासहि मोकळ्या रस्त्यामुळें त्याच्या गाडीचा छापील आंकडा हातीं येऊं लागेल.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर नियमानुसार निवृत्त झाली. तिच्यामागून आलेल्या गाड्या हलक्या आहेत, शहाण्या आहेत, थेंबन् थेंब मोजून घेणाऱ्या आहेत. त्यांतील कित्येक तर ब्रेकांत वायां जाणारी शक्तिहि विजेच्या रूपानें परत मिळवितात. जात सुधारली यांत शंका नाहीं. आतां सुधारावयाचा राहिला आहे तो गोठा. तो आपल्या सर्वांच्या मालकीचा असल्यामुळें कोणा एकाच्या मालकीचा नाहीं, आणि म्हणूनच त्याची देखरेख होत नाहीं. ‘गाडी किती देते’ हा प्रश्न विक्रेत्यास विचारून झाला म्हणजे ‘आमचा रस्ता तिच्यापासून किती काढून घेतो’ हा प्रश्न नगरपालिकेस विचारण्याची संवय आपण लावून घेतली पाहिजे. पहिल्याचें उत्तर छापील पत्रकांत मिळतें. दुसऱ्याचें मिळवावें लागेल.